फोटोतलं जे मी सांगितलं नाही

२६ एप्रिल, चौथा शनिवार. बँकेला सुट्टी होती, म्हणून वर्षाच्या मसाल्याच्या मिरच्या निवडायला घेतल्या होत्या. हॉलमध्ये जुनी चादर पसरली होती. एका बाजूला बेडगी, दुसऱ्या बाजूला शंकेश्वरी, आणि मधे मी, नाकातोंडावर ओढणी बांधून देठ मोडत होते. सोमवारी कांडपवाल्याकडे नंबर लावला होता. मुलुंडमध्ये या दिवसांत मसाला कुटून मिळायला डॉक्टरकडे थांबावं त्याहून जास्त थांबावं लागतं आणि नंबर गेला की गेला. त्यामुळे काहीही झालं तरी आज देठ संपवायचे, असं मी ठरवलं होतं. नणंद गच्चीवर होती. धणे आणि उरलेल्या मिरच्या तिथे उन्हात टाकल्या होत्या, त्या फिरवायला ती छत्री घेऊन गेली होती. नवरा आतल्या खोलीत झोपला होता. मिरच्यांच्या दिवशी तो दार लावून घेतो आणि जेवायलाच बाहेर येतो.

तेवढ्यात फोन वाजला. नेहमीची रिंग नव्हती, त्या ॲपची होती.

ते ॲप असं आहे की ज्यांना दिसत नाही त्यांनी एक बटण दाबायचं. मग दिसणाऱ्या माणसांपैकी जो आधी उचलेल त्याला त्यांच्या फोनच्या कॅमेऱ्यातून त्यांच्या समोरचं दिसतं, आणि त्याने ते बघून सांगायचं. नाव विचारायचं नाही, पत्ता विचारायचा नाही, काम झालं की फोन बंद. तोच माणूस पुन्हा मिळण्याची सोय नाही. बँकेतल्या एका मुलीने मागे कधीतरी ते माझ्या फोनवर टाकून दिलं होतं. मी भाषा मराठी निवडली, त्यामुळे फोन क्वचित येतात. मला हे काम आवडायचं, कारण ते माझ्या स्वभावाला धरून होतं. दूध फाटलंय का? फाटलंय. गॅसचा खटका बंद आहे का? आहे. यातला हिंगाचा डबा कुठला? डावीकडचा. एका गृहस्थांनी लग्नाला घालून जायचा शर्ट दाखवला होता, त्याची कॉलर विरलेली होती. मी म्हटलं, "हा आता लादी पुसायला घ्या." ते हसले आणि त्यांनी दुसरा काढला. आंधळ्या माणसाशी लोक उगीच साखर घोळून बोलतात. मी तशी बोलत नाही, याचा मला थोडा अभिमानच होता.

बोटं मिरचीची होती, म्हणून मनगटाने स्क्रीन दाबून फोन उचलला.

"हॅलो, मराठीत बोललं तर चालेल ना?" बाईचा आवाज होता, चाळिशीच्या आसपासचा असावा.

"चालेल. बोला."

"तुमचा आवाज असा का येतोय? लांबून आल्यासारखा."

"तोंडाला ओढणी बांधलीय. मिरच्यांचे देठ काढतेय."

"मसाला? मग ओढणी सोडू नका, मला ऐकू येतंय. एक फोटो बघून सांगायचाय. आहे वेळ?"

मी म्हटलं, आहे. तिने कॅमेरा सुरू केला. आधी टेबलाची कड दिसली, मग एक पाकीट, मग छापील फोटोचा कोपरा. "थोडं वर घ्या. उजवीकडे. बस, आता हलवू नका," मी म्हटलं.

फोटोत एक माणूस होता, पंचेचाळिशीचा असेल. कुणीतरी त्याला गॅलरीत उन्हाला तोंड करून उभं केलं होतं. चौकड्यांचा शर्ट, चष्मा, एक हात कठड्यावर.

"स्थळ आहे," ती म्हणाली. "माझ्यासाठीच. त्यांना दिसतं. पत्रिकेबरोबर फोटो पाठवलाय. बोलणं झालंय आमचं फोनवर. मी कॉल सेंटरला आहे, दिवसभर माणसं आवाजावरूनच ओळखते. आवाज चांगला आहे. आता चेहरा कसा आहे ते सांगा."

माझ्या तोंडून निघून गेलं, "पण तुम्हाला चेहऱ्याचा..." आणि मी मधेच थांबले.

"काय फरक पडतो?" तिनेच पुरं केलं. तिला राग आला नव्हता. हे वाक्य तिने बऱ्याच वेळा ऐकलेलं असावं. "मला नाही पडत. पण उद्या आम्ही दोघं बाहेर पडू तेव्हा मागे लोक कुजबुजतील. माझ्याबद्दल काय कुजबुजतात ते मला पाठ आहे. त्यांच्याबद्दल कुजबुजले तर कशाबद्दल, ते मला आधी माहीत हवं. मी एकटीच मूर्खासारखी हसत चालायला नको."

"घरच्यांना विचारलंत?"

"वहिनी म्हणते छान आहेत. वहिनीला मी या घरातून निघालेली हवी आहे, तिला सगळीच स्थळं छान दिसतात. भाऊ म्हणतो माणूस चांगला आहे. मी फोटोचं विचारतेय, हा माणसाचं सांगतो. ते एआयवालं ॲपही आहे माझ्याकडे. ते म्हणतं, चष्मा लावलेले हसरे गृहस्थ, चौकड्यांचा शर्ट. कुणाच्या दिसण्यावर बोलायची लाज वाटते त्याला. म्हणून माणूस शोधला."

मी हसले. तिच्या बोलण्याची पद्धत मला आवडली. मग मी सांगायला सुरुवात केली. रंग गव्हाळ. केस पुढून विरळ झालेत. नाक सरळ. हसताना खालचे दात थोडे पुढेमागे दिसतात. पोट आहे.

"पोट चालेल, मलाही आहे. दातांचं कुणी बोललं नव्हतं. अजून?"

"शर्टाला इस्त्री आहे. उभे सरळ आहेत."

"आणि बाकी? काही खटकण्यासारखं? वहिनी सांगता सांगता एका ठिकाणी थांबली होती. उद्या सकाळी त्यांचा फोन येणार आहे, हो की नाही ते सांगायचंय. काही असलं तरी मी नाहीच म्हणेन असं नाही. पण मला माहीत हवं."

होतं. ते मला पहिल्या नजरेतच दिसलं होतं आणि मी त्याच्या कडेकडेने बोलत होते. त्याच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यापासून हनुवटीखालपर्यंत कोड होतं, स्वच्छ पांढरं. कठड्यावर ठेवलेल्या हाताच्या पंजावरही होतं. भर उन्हातला फोटो, त्यामुळे कडा न् कडा दिसत होती.

"नाही," मी म्हटलं. "खटकण्यासारखं काही नाही."

"नक्की?"

"नक्की."

तिने श्वास सोडला तो मला ऐकू आला. "थँक्यू हो. तुम्ही सरळ बोलता. मसाला चांगला होऊ दे," असं म्हणून तिने फोन बंद केला.

मी पुन्हा देठ मोडायला घेतले. खोटं सांगायचं नाही, त्या वेळी मला बरं वाटत होतं. एखादं अवघड काम पटकन निकालात काढल्यावर वाटतं तसं.

मी तसं का सांगितलं ते सांगते. माझ्या नणंदेला कोड आहे. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तिचे डाग पोटऱ्यांवर आणि पावलांवरच होते, साडीत दिसत नसत. मी येण्याच्या आधीच्या वर्षी तिचं डोंबिवलीचं एक स्थळ ठरत आलं होतं. सासूबाईंनी मुलाकडच्यांना डागांचं सांगितलं नव्हतं. साखरपुड्याच्या आधी त्यांच्याकडून नकार आला, आणि आमच्या तेव्हाच्या चाळीतल्या एका काकूंनी तिकडे जाऊन सांगितलं असं घरात सगळ्यांनी धरून चाललं. त्या काकूंशी सासूबाई पुढे कधी बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही, कारण या घरात आलेल्या सुनेने कोणाशी बोलायचं नाही हे पहिल्या आठवड्यातच समजतं. पुढे नणंदेने लग्नाचा विषय बंद केला, एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरी धरली, तिथे हेडक्लार्क झाली. सासू-सासरे गेल्यावर ती आमच्याबरोबरच राहिली. डाग वाढत हातांवर, मानेवर, चेहऱ्यावर आले. आमच्या घरात त्याबद्दल कधी एक शब्द निघाला नाही. मला ती मोठी गोष्ट वाटायची. दुसऱ्यांच्या घरी टोमणे असतात, औषधं असतात, बुवा-महाराज असतात, आमच्याकडे तो विषयच नसतो, असं मी बँकेत सांगितलेलंही आहे.

तर त्या फोटोतल्या माणसाकडे बघून मला वाटलं, याचं ठरत आलेलं मोडणारी मी कोण? मी काही ती काकू नाही. आणि तिला तर दिसतही नाही.

नणंद गच्चीवरून आली. कपाळावर घाम, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात मिरच्यांची पाटी. तिने पाटी ठेवली आणि माझा ढीग बघितला.

"एवढंच झालं? वहिनी, तुझा हात चालतोय की तोंड चालतंय?"

"फोन आला होता त्या ॲपचा."

"मग काय, आज भेंडी कोवळी का जून?"

ती त्या ॲपची अशीच चेष्टा करते. ती समोर बसली आणि देठ मोडायला लागली. मी तिला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, तिला बरं वाटेल. अगदी खरं सांगायचं तर मी शाबासकीच्या अपेक्षेने सांगत होते. तो डाग कुठे होता ते सांगताना मी 'कोड' हा शब्द वापरला. तिच्यासमोर तो शब्द मी बहुधा पहिल्यांदाच उच्चारला असेन, आणि तोही दुसऱ्याबद्दल म्हणून जमला.

तिचा हात थांबला.

"तिने विचारलं होतं?"

"काय?"

"काही खटकण्यासारखं आहे का, असं तिने तोंडाने विचारलं होतं?"

"विचारलं होतं. पण मी म्हटलं, कशाला बिचाऱ्याचं..."

"कुठला बिचारा? त्याने उन्हात उभं राहून फोटो काढून घेतलाय. लपवायचं असतं तर तोंड वळवलं असतं, हात खिशात घातला असता. मला विचार, कसं लपवायचं ते मला येतं. त्याने लपवलं नाही. त्याला माहितीये, तिला दिसत नाही, पण तिला कुणीतरी सांगेल. तो भरवशावर राहिलाय, आणि तू पुसून टाकलंस."

"अगं, पण तिने नाही म्हटलं असतं तर?"

"म्हटलं असतं तर म्हटलं असतं. हो म्हटलं असतं तर? ते तुझ्या डोक्यात आलंच नाही ना? तिने सांगितलं तुला, की मी नाहीच म्हणेन असं नाही. तू ऐकलंस आणि तरी तुझं ठरलेलं, की हे कळल्यावर कुणी हो म्हणूच शकत नाही."

मी म्हटलं, "मी तुझाच विचार केला. त्या काकूंनी तुझं मोडलं तेव्हा..."

"त्या काकूंनी नाही सांगितलं," ती म्हणाली. "मी सांगितलं होतं."

मी तोंडावरची ओढणी खाली ओढली.

"नाक्यावर पीसीओ होता ना, तिथून. फोन त्यानेच उचलला. मी म्हटलं, माझ्या पायांवर कोड आहे, पुढे वाढेल, तुम्हाला माहीत असू दे. तो म्हणाला, घरी विचारून सांगतो. मग नकार आला. विचारून सांगितलं, एवढं तरी केलं."

"आणि आम्ही त्या काकूंना..."

"हो. मी तेव्हा बोलले असते तर आईने मला फाडून खाल्लं असतं. नंतर बोलायचं राहूनच गेलं. ते माझं. त्याबद्दल मला तू काही बोलू नकोस, मी माझं बघते." ती पुन्हा देठ मोडायला लागली, पण जोरात, देठाबरोबर अर्धी मिरची तुटत होती. "पण तुझं ऐकून आई आठवली मला. आई पण असंच म्हणायची. आपण कशाला आपल्या तोंडाने सांगायचं."

सासूबाईंशी माझी तुलना या घरात कुणी केली नव्हती. मला राग आला. आणि राग आला की मी नको ते बोलते.

"मला या घरात कधी तुझं काही खटकलंय का? एवढ्या वर्षांत एकदा तरी मी काही बोलले?"

"नाही बोललीस. बघितलंसही नाहीस."

"म्हणजे?"

ती उठली आणि हॉलला लागूनच असलेल्या स्वयंपाकघरात ओट्याकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. "समज मी ती बाई आहे. मला दिसत नाही आणि माझ्या हातात माझा फोटो आहे. सांग कशी दिसते मी."

"काय पोरकटपणा आहे हा."

"सांग ना. तू सरळ बोलतेस. कॉलर विरली म्हणून सांगतेस, दात पुढेमागे म्हणून सांगतेस. माझं सांग."

मी सुरू केलं. उंच. बारीक. केस अर्धे पिकलेले, मागे अंबाडा.

"ते पाठीमागून दिसतंच आहे. चेहरा."

"नाक तुझ्या भावासारखं. आणि डाव्या गालावर..." मी थांबले. डाव्या की उजव्या? रोज सकाळी समोरासमोर बसून आम्ही चहा पितो. पेपरातली पानं वाटून घेतो. तिच्या चहात साखर किती, ब्लाउजचं माप काय, दाढ कुठली दुखते, सगळं मला माहीत आहे. "डाव्या गालावर मोठा आहे," मी म्हटलं.

"गालावर नाहीच आहे. कानशिलापासून मानेवर गेलाय. गाल सोडून दिलाय त्याने. पुढे. ओठ?"

"ओठाला... थोडा."

"कुठल्या बाजूला?"

मला सांगता येईना.

"पापण्या?"

"पापण्या काळ्या आहेत," मी म्हटलं. यात तरी शंका नव्हती.

"उजव्या डोळ्याच्या पांढऱ्या झाल्यात, वरच्या. तुझ्या पोराच्या लग्नात मी काजळ लावून काळ्या केल्या होत्या. तेव्हापासून आहेत."

ती वळली नाही. तिने नळ सोडून हात धुतले, साबण लावून दोनदा धुतले, मिरचीचे हात तसेच धुवावे लागतात. माझ्या बोटांची आग होत होती. मी खाली बघत बसले होते. मला वर बघवेना, कारण आता बघितलं असतं तर ते तपासायला बघितल्यासारखं झालं असतं.

बिनसलेलं ऐकू गेलं असावं, नवरा दार उघडून बाहेर आला आणि खोकायला लागला. "काय झालं?" त्याने विचारलं. बहिणीने त्याला दोन वाक्यांत सांगितलं, पीसीओचं वगळून. तो मला म्हणाला, "मग त्या ॲपवाल्यांना कळव की. फोन कोणाचा होता त्यांना माहीत असेल." आणि दार लावून परत आत गेला.

हे मला आधीच सुचायला हवं होतं. मी हात धुवून फोन घेतला. ॲपमध्ये शोधलं, पण आलेल्या फोनवर परत फोन करायची सोय कुठेच नव्हती. मदतीसाठी लिहायची जागा सापडली. तिथे मी लिहिलं, की आज दुपारी मी एका बाईंना चुकीची माहिती दिली, ती त्यांच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे, उद्या सकाळच्या आत त्यांना कळणं गरजेचं आहे, कृपया त्यांनी मला फोन करावा एवढा निरोप द्या. 'चुकीची माहिती' लिहून मी थांबले. चुकून दिली असं त्यातून वाटत होतं. ते खोडून 'मी खरं सांगितलं नाही' असं लिहिलं आणि पाठवलं.

मग मी आठवायला बसले. तिच्या फोनमधून मागे काय ऐकू येत होतं? रिक्षांचे हॉर्न होते. पाकिटाच्या कोपऱ्यावर ठाण्याचं की घाटकोपरचं काहीतरी छापलेलं होतं. कॉल सेंटरला आहे म्हणाली होती. मी नणंदेला म्हटलं, "अंध माणसांना कॉल सेंटरमध्ये लावणाऱ्या संस्था असतील ना? दोन-चार ठिकाणी फोन केला तर सापडेल."

"आणि सापडली की काय सांगणार? तिने अनोळखी माणूस मुद्दाम शोधला होता. तू तिच्या ऑफिसात फोन करून तिच्या स्थळाची चौकशी करणार? आधीच वाट लावलीस, अजून नको लावूस."

तिचं बरोबर होतं. मी फोन खाली ठेवला.

त्या संध्याकाळी आम्ही देठ संपवले. ती माझ्याशी रुसली नव्हती. तिला रुसता येत नाही, ती बोलून मोकळी होते. "शंकेश्वरी थोडी कमी घाल, गेल्या वर्षी तोंड भाजलं सगळ्यांचं," वगैरे नेहमीचं बोलत होती. मी हो-ला-हो करत होते. अपमान झाला की मला कळतं काय करायचं, मी उलट बोलते. इथे अपमान कुणीच केला नव्हता. मी एका बाईला एक वस्तू बघून सांगायला बसले होते, तेवढंच काम होतं, आणि मला ते करता आलं नाही. त्यातून माझ्या घरातलंही मला सांगता आलं नाही, आणि ते तर एवढी वर्षं डोळ्यांसमोर होतं.

त्या काकूंचाही विचार येत राहिला. त्या वारल्या तेव्हा आम्ही कुणी गेलो नव्हतो. त्या दुपारी मी घरातच होते. चाळीतून ओळखीच्या बाईचा फोन आला होता, तेव्हा मी कपडे वाळत घालत होते, आणि फोन ठेवून पुन्हा वाळत घालायला लागले होते.

ॲप काढून टाकावं असंही मनात आलं. तसं केलं तर फारच सोपं होईल, असं वाटून ते राहू दिलं.

रविवारी सकाळी उठल्यावर पहिल्यांदा फोन बघितला. उत्तर आलं होतं. तुमची तळमळ आम्ही समजू शकतो, मात्र फोन करणाऱ्यांची ओळख आमच्या स्वयंसेवकांना देता येत नाही आणि निरोपही पोचवता येत नाही. पुढे लिहिलं होतं, आपण करत असलेल्या मदतीबद्दल मनापासून आभार. ते वाक्य बहुधा सगळ्यांनाच पाठवत असतील. मी ते पुन्हा वाचलं नाही.

नणंद चहाचा कप घेऊन पेपर उघडत होती. मी म्हटलं, "इकडे खिडकीशी ये. स्टुलावर बस."

"का?"

"उजेड आहे इथे."

तिने माझ्याकडे बघितलं, मग कप घेऊन येऊन बसली. "आधी चष्मा पूस," ती म्हणाली. "तेलकट झालाय, मला इथून दिसतोय."

मी पदराने चष्मा पुसला आणि तिच्यासमोर उभी राहिले. बघताना मला घाम आला, हे सांगायला हरकत नाही. मग मी मोठ्याने सांगायला लागले, त्या बाईला सांगायला हवं होतं तसं, वरून खाली. कपाळ स्वच्छ आहे. डाव्या डोळ्याभोवती गोल आहे, पण पूर्ण नाही, नाकाच्या बाजूला तुटलाय. कानशिलापासून मानेवर पट्टा आलाय.

"कडा कशी आहे?"

"नकाशासारखी."

"नकाशा सगळे डॉक्टर म्हणतात. नीट बघ."

मी वाकून बघितलं. "दुधावरची साय चमच्याने बाजूला केली की राहते तशी. कुठे जाड, कुठे विरलेली. आणि आत एक तपकिरी ठिपका राहिलाय, कानाखाली."

"तो आहे का अजून?" तिने कानाखाली बोट लावलं. "मला आरशात तिथलं दिसत नाही."

"आहे. तिळाएवढा."

ती चहा प्यायली. खाली रस्त्यावर भाजीवाल्याची गाडी लागली होती आणि बायकांचा आवाज वाढत चालला होता. त्या घरी एव्हाना फोन आला असेल. त्या बाईने हो म्हटलं असेल किंवा नाही म्हटलं असेल. तिने हो म्हटलं असलं, तर आज ना उद्या तिला कोणीतरी सांगेलच, रस्त्यात, कुजबुजत. तिला तेच नको होतं, आणि ते माझ्यामुळे होणार होतं. हे मी नणंदेला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "हो." तसं काही नाही गं, असं तिने म्हटलं असतं तर मला आवडलं असतं, पण ती तसं म्हणत नाही.

नवरा दात घासत बाहेर आला आणि आमच्याकडे बघत उभा राहिला. "सकाळी सकाळी काय चाललंय?"

"गप्प बस," ती त्याला म्हणाली. "अजून उजवी बाजू राहिलीय."

मी स्टूल धरलं, ती थोडी उठली, आणि मी ते फिरवून तिचा उजवा डोळा उजेडाकडे घेतला.